पटालाही आणि वखरालाही

शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारा बैल आणि वखर ओढणारा बैल एकाच दावणीला बांधले तरी कोणता कशाचा, हे विचारावं लागत नाही. पटाचा हलका, तापट, कानाशी माशी बसली तरी उसळणारा. वखराचा रुंद छातीचा, दिवसभर एका चालीनं चालणारा. दोन्ही कामं करील असा बैल द्या म्हटलं तर बाजारातला दलाल आधी हसतो आणि मग दाखवतो. टारगेटला आणि शिकारीला चालेल अशी एकच रायफल बांधून घेऊ म्हणणाऱ्याचं असंच होतं. कॅटलॉगवाले हसत नाहीत, एवढाच फरक.

मागणी मात्र खुळी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच शस्त्रं बाळगता येतात, खेळाडूंची गोष्ट निराळी. त्यातलं एक वडिलोपार्जित बारा बोअर, छऱ्यांची बंदूक, असतंच, मोडायला जीव होत नाही. उरली एक जागा. शिवाय ज्या हत्यारावर वर्षभर सराव झाला तेच हत्यार अवघड वेळी हातात असावं, यात शहाणपण आहे. अनोळखी चाप ऐन वेळी दगा देतो.

शिकारीच्या अर्ध्याबद्दल आधीच बोलून घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं आपल्याकडची शिकार संपली. उरली ती फट एवढीच: रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) उभ्या पिकाचा नाश करत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. तो आदेश हातात नसताना धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जनावरावर बार काढणं हा गुन्हा आहे, मग अख्खं वावर उकरलेलं असो. म्हणून इथं ‘शिकारीची रायफल’ म्हणजे रानात, उभ्यानं किंवा गुडघ्यावर, दम लागलेला असताना, एका गोळीत काम करणारी रायफल, असा अर्थ घ्यायचा. हरणाच्या मोसमाचा परवाना काढून डोंगर चढणं हे तिकडच्या देशांतलं. तिथली मंडळी ६.५ क्रीडमोर नावाचं काडतूस घेतात, १:८ पिळाची (आठ इंचांत गोळीला एक फेरा देणारी) नळी लावतात आणि काडतुसं घरी भरतात. आपल्याकडे काडतूस भरणं हे उत्पादनात मोडतं आणि त्याचा परवाना वेगळा. तेव्हा योजना नळीपासून सुरू करू नये. ती काडतुसापासून सुरू करावी: जे काडतूस आपल्या परवान्यावर, आपल्या जिल्ह्याजवळच्या दुकानात, वर्षाकाठी शंभर-दोनशे मिळेल तेच आपलं. सराव करायला गोळ्या नसतील तर उत्तम नळी हा भिंतीवरचा दागिना.

अशानं पर्याय झपकन आटतात. .३०३ सारखी लष्करी बोअर (नळीच्या भोकाचं माप) साध्या परवान्यावर नाही. गावाकडे दिसते ती इशापूरची .३१५. ली-एनफिल्डच्या घराण्यातली, पाच गोळ्यांची, चिखलात पडली तरी चालणारी. पण तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचं लाकूड, दोन तुकड्यांचा, बोल्टचे (काडतूस आत लोटणाऱ्या दांड्याचे) लग, म्हणजे अडकणारे दात, मागच्या बाजूला, गोळी जड आणि गोल नाकाची. तिच्यावर भारी स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि हलका चाप चढवून टारगेटची रायफल होत नाही. तिला वखरालाच ठेवावं. .३०-०६ मिळाली तर ती खऱ्या अर्थानं दोन्हीकडची. आणि केवळ नेम, हात, श्वास पक्का करायचा असेल तर लहान बोअरच्या .२२ सारखी दुसरी नाही. मात्र .२२ नं डुकरावर बार काढणं म्हणजे जनावर जखमी करून पऱ्हाटीत (कपाशीत) सोडणं. ते आदेश असला तरी करू नये.

काडतूस ठरलं की दुसरा आकडा वजनाचा. इथं पट आणि वखर समोरासमोर येतात. १० मीटर एअर रायफलला नियमानं ५.५ किलोपर्यंत मुभा आहे आणि नेमबाज त्या मर्यादेच्या जवळ जातात, कारण जड रायफल डुलत नाही. शिकारी मात्र स्कोपसकट साडेतीन किलोच्या वर गेला की कुरकुरतो. धक्क्याचं गणित सरळ आहे: काडतूस तेच ठेवलं तर मागे येणाऱ्या रायफलीची ऊर्जा वजनाच्या उलट प्रमाणात बदलते. ३.६ किलोची रायफल ४.५ किलोची केली की धक्का पाचव्या हिश्श्यानं उतरतो. सकाळभरात तीस-चाळीस गोळ्या झाडायच्या असतील तर तो पाचवा हिस्सा म्हणजे खांदा काळानिळा होणं किंवा न होणं, आणि त्याहून वाईट, चाप ओढताना डोळे मिटण्याची खोड लागणं किंवा न लागणं.

दोन्ही कामांसाठी साडेचार किलो हा आकडा धरावा आणि तो आधीच वाटून टाकावा. अ‍ॅक्शन, म्हणजे बार उडवणारी लोखंडी यंत्रणा, तिचा बोल्ट आणि मॅगझिन मिळून १.३ किलो. नळी १.४. दस्ता १.०५. स्कोप आणि त्याच्या रिंगा ०.६. पट्टा वगैरे दीडशे ग्रॅम. हे कागदावर न लिहिता जो सुटे भाग जमवतो त्याची रायफल हमखास साडेपाचला जाते, आणि मग ती धुऱ्यापर्यंत कोणी नेत नाही. वजन कुठं आहे हेही तितकंच बघायचं. तयार रायफल पुढच्या अ‍ॅक्शन-स्क्रूखाली (हे स्क्रू यंत्रणा दस्त्याला आवळतात) एका बोटावर तोलली पाहिजे. तोल चार बोटं पुढे सरकला तर बसून छान लागते आणि उभ्यानं नाक खाली टाकते.

नळीबद्दल फार वेळ घालवू नये. लोक तिथंच सगळा वेळ घालवतात. २२ ते २४ इंच, मध्यम जाडी, बस. जाडीचं एक गणित तेवढं माहीत असावं: नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, वजन साधारण वर्गानं. तोंडाशी १८ मिलिमीटरची नळी २१.६ ची केली, म्हणजे पाचवा हिस्सा जाड केली, तर ताठपणा दुप्पट होतो आणि वजन दीडपटीच्या आत राहतं. म्हणून पेन्सिलीसारखी सडपातळ नळी टारगेटला तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर भटकते आणि मध्यम नळी बरीच शांत राहते. .२२ ला लांब नळीनं वेगही वाढत नाही. तिचं थोडकं बारूद १६ ते १८ इंचांतच जळून जातं, पुढची लांबी केवळ तोलासाठी. आणखी एक: नळी कापणं, बोअर बदलणं, चेंबर (काडतुसाची जागा) कोरणं ही कामं परवानाधारक कारागिराचीच. नळी आखूड करण्याला तर शस्त्र कायद्यात वेगळं कलमच आहे.

खरी गंमत दस्त्यात आहे. इथं विदर्भाची हवा योजनेत शिरते.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर आणि हवा पापडासारखी कोरडी. तीनच महिन्यांनी ऑगस्टात भिंतींना ओल येते, मिठाची बरणी पाझरते. लाकूड हे सगळं पितं आणि ओकतं. दस्ता फुगला की पुढचा भाग, ज्याच्यावर डावा हात असतो, तो वर येऊन नळीला एका बाजूनं दाबतो. गोळी दाबाच्या उलट दिशेला जाते. माणूस स्कोपला दोष देतो, नेम सरकवणाऱ्या त्याच्या चकतीच्या क्लिक फिरवत बसतो, आणि ऑक्टोबरात लाकूड सुकलं की सगळं पुन्हा उलटं. ‘पावसाळ्यात रायफलला बाधा होते’ असं म्हणणारे बापे अजून भेटतील. बाधा लाकडाला होते.

अक्रोडाचं लाकूड या कामाला जगभर मानतात, ते धक्का सोसतं, म्हणून. पण बल्लारशा-आलापल्लीच्या पट्ट्यात राहून सागाचा विचार मनात येणार नाही असं होत नाही. साग फुगतो-आखडतो कमी, हा त्याचा मोठा गुण. दोष तीन. त्याच्यात सिलिका असते, रंधा आणि पटाशी लवकर बोथट होते. तो तेलकट असतो, त्यामुळे इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं चिकटद्रव्य) धरत नाही. चिकटवायच्या अगदी आधी अ‍ॅसिटोननं पुसून घ्यावा लागतो, आदल्या दिवशी पुसला तर तेल परत वर आलेलं असतं. आणि तो रेषेत चिरतो. मुठीशी, जिथं दस्ता सगळ्यात बारीक असतो त्या मानेत, रेषा तिरपी सुटली असेल तर .३०-०६ चा धक्का ती एक दिवस उघडणार. म्हणून फळी निवडताना फुलं आणि नक्षी बघायची नाही. मानेची जागा खडूनं आखायची आणि तिथं रेषा मानेच्या लांबीनं सरळ धावते का, एवढंच बघायचं. शिसव दिसायला राजा, पण वजनाच्या वाटणीत बसत नाही. पातळ पट्ट्या चिकटवून केलेला लॅमिनेट दस्ता देखणा नसेल, पण दोन्ही कामांसाठी तोच सगळ्यात कमी त्रासाचा. आडनावासारखं लाकूड मिरवायचं नसेल तर तोच घ्यावा.

माप सदऱ्याचं घेतात तसं घ्यायचं. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर दुकानातल्या रायफलीला साधारण साडेतेरा इंच असतं. ते मध्यम उंचीच्या आपल्या माणसाला बऱ्याचदा अर्धा-पाऊण इंच जास्त पडतं. कोपर काटकोनात, दस्त्याचं टोक दंडाच्या खोबणीत टेकवून बोटाचं पहिलं पेर चापावर सहज बसलं पाहिजे, ओढून-ताणून नाही. टारगेटचे कपडे जाड, रानातला सदरा पातळ. म्हणून दस्ता आखूड ठेवावा आणि मागे पाच-पाच मिलिमीटरच्या दोन चकत्या घालता-काढता येतील असं करावं. गालाच्या टेकूचंही तेच. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मान सैल सोडा, डोळे उघडा. स्कोपमधलं वर्तुळ पूर्ण दिसलं तर टेकू बरोबर. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर टेकू उंच-नीच आहे किंवा स्कोप पुढे-मागे. मान वाकडी करून ती चंद्रकोर घालवायची सवय लावून घेऊ नका. टारगेटवर ती चालून जाते, घाईत चालत नाही. पुढचा भाग खालून सपाट आणि पाचेक सेंटिमीटर रुंद असला की वाळूच्या पिशवीवर स्थिर बसतो आणि तळव्यातही मावतो. आठ सेंटिमीटरची टारगेटची फळी उभ्यानं धरवत नाही.

आता बेडिंग. अ‍ॅक्शन दस्त्यात नेमकी बसवणं म्हणजे बेडिंग, आणि एवढ्या पैशात एवढा फायदा दुसऱ्या कशानंच होत नाही. दोन्ही अ‍ॅक्शन-स्क्रूंच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ खांब बसवतात, म्हणजे स्क्रू आवळला की लाकूड चेपत नाही. मग खाचेत इपॉक्सी भरून अ‍ॅक्शन दाबतात. त्याआधी अ‍ॅक्शनच्या प्रत्येक पृष्ठभागावर न चिकटण्याचा लेप, बिनरंगी बुटपॉलिशचे दोन हातसुद्धा चालतात, आणि प्रत्येक भोक, प्रत्येक खाच मुलांच्या खेळण्यातल्या मातीनं बुजवलेली. एक भोक विसरलं तर इपॉक्सी त्यात शिरून कडक होतं आणि अ‍ॅक्शन दस्त्यात कायमची लग्न लावून बसते. मग तापवणं, गोठवणं, लाकडी हातोडीनं ठोकणं, आणि शेवटी दस्ता फोडणं. रिकॉइल लग म्हणजे यंत्रणेखालचा, धक्का दस्त्याला देणारा दात. त्याच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंना टेपचा एक थर द्यायचा, मागची बाजू मोकळी. धक्का मागच्या बाजूनं घ्यायचा असतो. बाकी बाजू टेकल्या तर अ‍ॅक्शन प्रत्येक वेळी थोडी वेगळी बसते.

हे काम मे महिन्यात काढू नये. इपॉक्सीचा डबा ज्या तापमानाचे आकडे सांगतो ते आपल्या उन्हाळ्यातल्या पडवीचे नसतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की रसायनाचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. पंचवीस अंशांवर अर्धा तास हाताळता येणारं मिश्रण पंचेचाळिसावर दहा मिनिटांच्या आतच जेलीसारखं होतं, आणि अर्धवट बसलेली अ‍ॅक्शन तशीच राहते. हुरड्याच्या दिवसांतली सकाळ उत्तम. रायफल मात्र गावातल्या सुताराकडे ठेवून येऊ नये, तो कितीही घरचा असला तरी. त्याच्याकडून फळी तासून, वाळवून, पुठ्ठ्याच्या नमुन्यावर आकार काढून घ्यावा. शस्त्राचं काम परवान्याच्या दुकानात.

स्क्रू आवळायला टॉर्क पाना (किती आवळलं ते मोजणारा) हवाच. खांब असलेल्या दस्त्यात साधारण ५ ते ७ न्यूटन-मीटर, नुसत्या लाकडात ४ च्या आसपास. स्कोपच्या रिंगांना दोनच पुरे. जास्त आवळली तर नळकांड्याला अदृश्य चिमटा बसतो आणि क्लिक फिरवूनही नेम हलत नाही. सगळं बसल्यावर दहाची नोट नळी आणि दस्त्याच्या मध्ये घालून अ‍ॅक्शनपर्यंत सरकवायची. कुठं अडली नाही की नळी मोकळी.

चापाचं भांडण दोन टप्प्यांच्या चापानं मिटतं. टारगेटला तीनशे-चारशे ग्रॅम, रानात किलोच्या खाली जाऊ नये, कारण घाम, धावपळ आणि थरथरतं बोट. पहिला टप्पा सहाशे ग्रॅमचा, मग भिंत लागते, मग चारशे ग्रॅमचा दुसरा. एकूण किलोभर, पण सुटतो हलका. बसवल्यावर रिकामी रायफल चढवून दस्त्याचं टोक रबरावर चार-सहा वेळा आपटावं, बोल्ट जोरात लोटावा. एकदाही घोडा पडला तर तो चाप टारगेटलाही नको.

स्कोप ३-१२ किंवा ४-१६ पटीचा, पुढच्या भिंगाला ४२-४४ मिलिमीटर. मोठेपणावर भुलू नये. काळ्या मातीच्या वावरावर सकाळी नऊनंतर मृगजळ असं उकळतं की १६ पटीत टारगेट पाण्याखालचं दिसतं. ८ पटीवर आणलं की तेच वाचता येतं. अंधुक उजेडात भिंगाच्या व्यासाला पटीनं भागायचं: ४२ ला ६ नं भागलं की ७ मिलिमीटर, डोळ्यात येणाऱ्या उजेडाची रुंदी, आणि अंधारात तेवढीच उघडते तरण्या माणसाची बाहुली. त्याहून पट वाढवली की चित्र काळवंडतं. कोनाच्या पाव मिनिटाची (अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट) एक क्लिक १०० मीटरला सव्वासात मिलिमीटर, हे पाठ असावं.

आता पट आणि वखर यांच्यातला खरा फरक. टारगेटला दहावी गोळी हवी असते, रानाला पहिली. गार, पुसलेल्या, तेलाचा हात लागलेल्या नळीतून सुटणारी पहिली गोळी पुढच्या नऊंच्या घोळक्यात पडतेच असं नाही. ती कित्येक रायफलींत दोन-तीन सेंटिमीटर बाजूला जाते आणि टारगेटवाला तिला ‘वॉर्मअप’ म्हणून विसरतो. म्हणून वहीत दोन रकाने ठेवावेत. एकात रोजची पहिली गोळी, दुसऱ्यात बाकीच्या. वीस सकाळींच्या वीस पहिल्या गोळ्या एका कागदावर उतरवल्या की रायफल रानात कुठं मारते ते कळतं. तीन गोळ्यांचा सुबक घोळका दाखवून ‘नाण्यामागे लपतो’ म्हणणाऱ्यानं दहा झाडून दाखवाव्यात. गोळ्यांमध्ये मिनिटभर थांबावं, उन्हाळ्यात दोन. नळीला हात टेकवेना झाला की सराव थांबवावा. काडतुसं गाडीच्या काचेमागे किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नयेत. तापलेलं बारूद जास्त दाब देतं, वेग वाढतो, आणि मे महिन्यात बसवलेला लांबचा नेम जानेवारीत खाली पडतो.

नेम बसवताना आधी २५ मीटर, मग .२२ साठी ५० आणि मोठ्या बोअरसाठी १००. ५० वर बसवलेली .२२ शंभरला जवळजवळ वीतभर खाली मारते. १०० वर बसवलेली .३०-०६ दोनशेला दहाएक सेंटिमीटर. पण अंतराचा खरा प्रश्न गोळी कुठं लागते हा नाही, चुकली तर कुठं थांबते हा आहे. .२२ ची गोळी दोनेक किलोमीटर जाऊ शकते, मोठ्या बोअरची त्याच्या दुप्पट. वऱ्हाडातल्या सपाट शिवारात धुऱ्यापलीकडे वावर, वावरापलीकडे निंदणाऱ्या बाया, पलीकडे गाव. आदेश खिशात असला तरी माळ्यावरून खाली, ओल्या मातीत जाणारा बार सोडून दुसरा बार नाही. सरावालाही मान्यताप्राप्त रेंज, मागे मातीचा बांध. विहिरीच्या काठावर बाटल्या मांडणं हा प्रकार पोरखेळातही बसत नाही, गोळी पाण्यावरून दगडासारखी उडते.

पावसाळा सरताना, पोळ्याच्या आसपास, अ‍ॅक्शन दस्त्यातून काढायची. खाचेतली ओल, लगपाशी गंजाची तांबूस रेघ, स्क्रूच्या भोकाशी फुगलेले तंतू, सगळं उजेडात बघायचं. खांदेमळणीला बैलाच्या मानेला तूप-हळद चोळतात, त्याच संध्याकाळी दस्त्याच्या आतल्या उघड्या लाकडाला जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरडं लाकूड आतूनच पाणी पितं. तेल सुकायला तीन-चार दिवस जातात. मग स्क्रू त्याच टॉर्कवर, पुढचा आधी, मागचा नंतर. मग दहाची नोट.